बोटांवरची मॅच

नव्वदच्या सुमारास मी भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला होतो. क्रिकेटची मालिका रंगली की शेजारच्या कारखान्यातला एक म्हातारा कारागीर ड्युटी सुटल्यावर आमच्या दारात उभा राही. लूमच्या खडखडाटात त्याचं नाव विचारायचीही सोय नव्हती. एका हाताने ट्रान्झिस्टर कानाला दाबून तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी धावा सांगे. मूठ मिटली की विकेट.

एकदा मालिका बरोबरीत होती. शेवटच्या मॅचमध्ये शेवटच्या चेंडूवर भारताला चार धावा हव्या होत्या आणि लाईट गेली. सगळे लूम थांबले. त्याने आवाज वाढवून रेडिओ आमच्यापुढे धरला.

“अब खुद सुन लो.”

“न्हाय चाचा,” माझ्या बाजूचा विणकर म्हणाला, “तुमीच सांगा.”

त्याने मान ताठ केली, आवाज बारीक केला आणि रेडिओ कानाला लावला. चार बोटं वर गेली. बराच वेळ ती खाली आलीच नाहीत.