रिझवाना आपा आणि पाहुण्याची बोली

विद्यापीठातल्या विभागप्रमुखांनी त्यांच्याच हाताखाली संशोधन करणाऱ्या रिझवाना आपांना फसवलं. काम आपांचं आणि त्यावर नाव स्वतःचं. हे आधीच सांगून टाकतो. मला आडून बोलता येत नाही.

आपा पहिल्यांदा आल्या त्या माझ्या पुंडलिकनगरच्या दुकानात, जुना संगणक घ्यायला. मी सांगितलेला भाव त्यांनी निम्म्यावर आणला. मी भडकलो, वाटेल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वैजापूरकडचे ना?"

मी चाटच पडलो. उभं आयुष्य शहरात काढलेलं.

"रागात माणूस आपल्या गावचे शब्द काढतो. अर्थ एकच, पण शब्द निवडताना सवय दिसते. मी तेच शोधते, फक्त जनुकांमध्ये."

जनुकात तीन-तीन अक्षरांचे शब्द असतात, त्यांना कोडॉन म्हणतात. प्रथिनाचा एकच घटक मागवायला बहुतेक वेळा दोन-चार कोडॉन चालतात. विषाणूच्या संसर्गात ज्या जनुकांचा हात असतो, ती कोणता कोडॉन जास्त वापरतात, हे आपा तपासत. "विषाणू म्हणजे पाहुणा," त्या म्हणायच्या. "ज्या घरी जेवायचं, तिथली बोली उचलली तर भाकर लवकर मिळते." एकदा म्हणाल्या, "दोन घटक मात्र मी धरतच नाही. त्यांना एकेकच कोडॉन आहे. गावात दुकानच एक, तर गिऱ्हाईकाची आवड कशी कळणार?" हे ऐकवता ऐकवता संगणक दुरुस्तीच्या माझ्या मजुरीवर घासाघीस चालूच.

पुढं बाहेरच्या तज्ज्ञांसमोर हे काम मांडायचं ठरलं. प्रोजेक्टर लावायला मी गेलो, तर पडद्यावर एकट्या विभागप्रमुखांचं नाव. आपा शेवटच्या रांगेत. मी तावातावानं त्यांच्याकडं गेलो.

"गप बसा, भाऊ," त्या पुटपुटल्या. "गिऱ्हाईक माल उलटून बघणारच."

तज्ज्ञांपैकी एका बाईंनी साधंच विचारलं, "हे दोन घटक का वगळले?"

विभागप्रमुख पाणी प्यायले. "तक्त्यात... जागा कमी होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आपा उठल्या आणि एका दुकानाची गोष्ट सांगून खाली बसल्या. बाई वळल्या. "हे काम तुमचं आहे का?"

"व्हय," आपांचा आवाज चढला. "माझंच हाय ते."

इतकी वर्षं साफ पुस्तकी बोलणाऱ्या आपा! त्याही वैजापूरच्याच, हे मला तेव्हा कळलं.

पुढं या कामावरचा लेख छापून आला तो आपांच्या नावानं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांना हैदराबादला चांगली नोकरी लागली. जाताना जुना संगणक मलाच विकून गेल्या, आणि त्यातही मला हरवून. इतक्या आनंदानं मी कधी हरलो नाही.

विभागप्रमुख मात्र अजून त्याच खुर्चीवर आहेत. साहेब, तक्त्यात जागा कमी होती, मान्य. पडद्यावरच्या पहिल्या पानावर तर तुमच्या नावाखाली सगळं कोरंच होतं. तिथून आपांचं नाव का वगळलंत? त्याच सभागृहात, सगळ्यांसमोर उत्तर द्या. प्रोजेक्टर मी फुकट लावतो.