हर्षलाचा व्हॅनिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतेय म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस — मला तसली माणसं आवडत नाहीत.

मरोळच्या एका गाळ्यात आमचा सेंट बनवायचा धंदा चालतो. मी आतल्या खोलीत, तेलं मिसळायला. बारा वर्षं झाली. हर्षला बाहेर बाटल्या भरायची. वेसाव्याची कोळीण, शिक्षण बेताचं, पण नाक — काय सांगू! लवंगेचं तेल जुनं आलंय हे ती दारातूनच सांगायची. त्या नाकाचा मला राग यायचा. का येऊ नये? मी ते शिकायला वर्षं घातली होती.

मालकांना नवा व्हॅनिला हवा होता. मी केला तो केकसारखा, गोडमिट्ट. हर्षलाने विचारलं, मी पण करून बघू? मालक म्हणाले, कर, बरा निघाला तर तुला आत घेतो.

तिने लवंग घातली, जायफळ घातलं, खाली देवदाराचं तेल. गोडवा नावापुरता. "बाबांची होडी उन्हात तापली ना ताई, की तिच्या लाकडाला असा वास येतो," म्हणाली. मी म्हटलं, "व्हॅनिला आहे की पानाची टपरी?" ती बाहेर गेल्यावर परत हुंगला. तीनदा. असं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं, होणारही नव्हतं.

लाकडाचा वास बसायला वेळ लागतो. म्हणून कागदाच्या पट्ट्या सकाळी सेंटमध्ये बुडवून ठेवायच्या आणि मालकांनी त्या जेवणानंतर हुंगायच्या. बाटलीला ते नाक लावत नाहीत. तोवर पट्ट्या माझ्याकडे, दोन वेगळ्या खणांत. जेवणाचे डबे आत आणायचे नाहीत, हा नियमही माझाच. त्या दिवशी माझ्या डब्यात सुकट होती. आम्ही मालवणकडचे, आठवड्यातून दोनदा तरी असतेच.

तो डबा हर्षलाच्या पट्टीच्या खणात गेला. चुकून? मी स्वतःला तसंच सांगत आले — घाई होती, ठेवला गेला असेल. पण बंद डब्याचा वास एवढा लागतो कुठे? झाकण मी उघडलं. उघडलं आणि खण लावून घेतला.

मालकांनी पट्टी नाकाशी धरली. "ह्याच्यात मच्छी कुठून आली?"

सगळ्यांनी हर्षलाकडे पाहिलं. कोळीण समोर उभी असताना माझा डबा कोणाला आठवणार? तेच तर मी धरून चालले होते.

ती भांडली असती तर मीही भांडले असते, मला ते जमतं. पण तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. आधी उजवा, मग डावा. एवढं नाक असलेली बाई — आणि तिला नसलेला वास आला! तिच्या चेहऱ्यावर तो दिसला मला. आणि मी काय म्हणाले? "हात नीट धुऊन यायचं ना गं."

चार वर्षं झाली. ती अजून बाटल्याच भरते, हातांना लिंबू चोळून. डब्यात भेंडी नाहीतर मूग. तिची ती बाटली माझ्या कपाटात आहे, लग्नकार्याला लावते. बायका विचारतात, कुठून घेतलंस? मी सांगत नाही. आणि माझा राग गेला असेल असं वाटतंय तुला? तिला बघितलं की अजून डोकं फिरतं. ते लिंबू बघून तर जास्तच.

परवा जेवताना मी सुकट काढली. तिच्यापुढे डबा धरला, घे म्हटलं.

"नको ताई, हाताला वास लागेल," असं म्हणून ती बाकाच्या टोकाला सरकून बसली.

मी डबा चाटूनपुसून संपवला.