नमुन्याचे धपाटे

"मीठ लई झालंय! कर्ज नामंजूर!"

पतसंस्थेच्या मिटिंगमध्ये तात्या गरजले आणि त्याच तोंडात त्यांनी चौथं धपाटं कोंबलं. समोर अनसाबाई परात घेऊन उभी. अकराही संचालक माना डोलवत होते. त्या निकालाला की ठेच्याला, देव जाणे. मी संस्थेचा सचिव. ठराव लिहिण्याआधी मला बोटं पुसावी लागली, एवढं कबूल करतो.

तात्या म्हणजे शिरूर कासारकडच्या आमच्या पतसंस्थेचे तहहयात चेअरमन. आवाज असा, की ते ऑफिसात खोकले तर तिकडं चकलांब्याला बैल दावं तोडायचे. धंद्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्याला त्यांचा एकच नियम : "आधी नमुना, मग मंजुरी. सभासदांचा पैसा हाय बे, सासऱ्याचा न्हाई!" सलून काढू म्हणणाऱ्यानं अकरा दाढ्या केल्या. चपलांचं दुकान मागणाऱ्यानं अकरा जोड शिवले. बँडवाल्यानं तर तात्यांना घोड्यावर बसवून गावभर वरात काढली. घरी त्यांची बायको आरतीचं ताट घेऊन दारात उभी, ही नवी सवत कोण म्हणून बघायला! मंजुरी मात्र कुणालाच नाही. "पुढच्या मिटिंगला बघू."

त्या साली दुष्काळ असा, की कावळे टँकरच्या मागं रांगेत बसायचे. दिवाळीत गावाबाहेर चारा छावणी उघडणार होती. जनावरांबरोबर मालकही तिथंच मुक्कामाला. अनसाबाईनं बरोबर हेरलं : जनावरांना सरकार घालील, माणसांना कोण घालणार? ताडपत्री, शेगडी आणि दोन पातेली, एवढ्यापुरतं कर्ज ती मागत होती. पाच मिटिंगा तिनं धपाटे आणले. कधी मीठ जास्त, कधी तीळ कमी. पाचव्या मिटिंगला घरातल्या ज्वारीचं पोतं झटकून झालं होतं.

"तात्या, औंदा नड भागवा," ती म्हणाली. "मालक गेल्यापासून ऊसतोडीला जोडीदार न्हाई. मुकादम एकट्या बाईला नेत न्हाई. मग दुसरं माणूस माझी शकूच. ती दहावीला हाय."

"मग ने की तिला!" तात्यांचं तोंड भरलेलं. "ऊस काय इंग्रजीत तोडायचा असतो व्हय? आन् पुढच्या खेपेला लोणी आण."

आम्ही हसलो. मी तर ठसका लागेस्तोवर हसलो.

दिवाळीनंतर मुकादमाची गाडी आली. मायलेकी टपावर, शकूचं दप्तर भांड्यांच्या गोणीत. परत आल्या तेव्हा दहावीचे पेपर होऊन गेले होते. शकूचं लग्न ठरलं, झालंही. अनसाबाईनं ऊसतोडीच्या उरल्या पैशांतून छावणीच्या तोंडाशी ताडपत्री ताणली. तिच्या धपाट्यांच्या वासानं आजारी म्हशी उठून उभ्या राहायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

त्याच उन्हाळ्यात पतसंस्था बुडाली. संचालकांनी आपसात कर्जं वाटून घेतली होती, तीही विनानमुना. ठेवीदारांनी तात्यांच्या घराची कौलंसुद्धा उतरवून नेली. बायको केव्हाच वारलेली, पोरं पुण्याला पळालेली. उरल्या दोन म्हशी. त्या घेऊन तात्या छावणीत आले.

एका दुपारी, मी तिथं जेवत असताना, ते ताडपत्रीखाली येऊन बाकावर बसले आणि जुन्या आवाजात गरजले, "अनसे, नमुना आण!"

खिशात पाकीट ठेवायची त्यांना सवयच नव्हती. अनसाबाईनं डावीकडच्या गुराख्याला वाढलं, उजवीकडच्याला वाढलं. मधलं बाक जणू रिकामंच होतं. ऊन कलेस्तोवर तात्या तिथं बसून होते. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला.

"अर्धं तरी दे."

ती तव्यावरचं धपाटं उलटत राहिली. माझ्या ताटात अर्धं होतं. ते मी खाल्लं.

चौथ्या दिवशी सकाळी तात्या म्हशींच्या खुंट्यापाशी आडवे सापडले. डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं. खांद्याला माणसं कमी पडली. मी दोन वेळा खांदा बदलला. परतताना छावणीशी थांबलो.

"अनसाबाई, त्या दिवशी एक धपाटं दिलं असतं, तर काय बिघडलं असतं गं?"

तिनं पिठाचा हात पदराला पुसला.

"नमुना संपला व्हता."