तज्ज्ञांच्या वीस खुर्च्या

घरातल्या थोरल्या भावाला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत. ही थट्टा आहे हे एकट्या त्यांनाच कळलेलं नव्हतं. मशरूम लागवडीचं दोन दिवसांचं शिबिर करून ते प्रमाणपत्र घेऊन आले, ते काच लावून भिंतीवर टांगलं आणि तेव्हापासून त्यांचं तोंड जे सुरू झालं ते मिटलंच नाही. मशरूम पिकवायची मात्र धाकट्या भावाची बायको. भुसा भिजवणं, उकळणं, निथळून बियाण्यासकट पिशव्यांत भरणं, मशरूमच्या खोलीत त्या टांगणं, दिवसातून तीनदा पाणी फवारणं, सगळं तिच्याच अंगावर. तज्ज्ञांनी जन्मात एका पिशवीला गाठ मारली नव्हती. पाहुणे आले की ते बाहेरच्या चपला घालून खोलीत शिरत आणि ‘आमची पद्धत’ समजावून सांगत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्यांनीच.

शहरातल्या मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी गुरुवारी माल बघायला येणार होता. पसंत पडला तर दर आठवड्याला सगळा नेणार होता. नाही पडला तर खोली रिकामी करून तज्ज्ञ तिथे प्रशिक्षण वर्ग काढणार होते. त्यासाठी वीस प्लास्टिकच्या खुर्च्या आधीच येऊन ओट्यावर पडल्या होत्या. धाकटी येता-जाता त्यांना ठेचकाळायची. चार वर्षं राबून उभी केलेली खोली या बडबडीसाठी सोडायची, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नेमकं त्याच आठवड्यात धाकटीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिला चार दिवस माहेरी जावं लागलं, आणि नवराही सोबत गेला. जाताना तिने दारावर कागद चिकटवला. ‘तीनदा पाणी फवारणे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडकी उघडणे. चपला बाहेर.’

गुरुवारी सकाळी परतून तिने दार ढकललं. खिडकीवर जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी चिकटपट्टी. तळहाताएवढी पसरायची ती मशरूम बोटभर लांब देठाची झाली होती, वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी.

“बघ, कशी तरारली!” मागून तज्ज्ञ म्हणाले. “जंतू बाहेरून येतात, म्हणून मी खोली सील केली. शास्त्र आहे हे. कागद चिकटवून शेती होत नसते.”

एवढ्या मूर्खपणाशी भांडायचं तरी कुठून सुरू करून?

तेवढ्यात आचारी आला. तज्ज्ञांनी वीस मिनिटं त्याला ‘उंच वाढणाऱ्या खास जाती’ची माहिती दिली. आचाऱ्याने एक देठ मोडून पाहिला, वास घेतला.

“खिडकी कोणी बंद केली?”

“मीच!” तज्ज्ञ छाती काढून म्हणाले.

“मशरूमना हवा लागते, साहेब. गुदमरली म्हणून माना लांबवल्यात त्यांनी. हा माल मला नको.”

धाकटीचे डोळे भरून आले. तिचं काम, आणि नासवलं या माणसाने! आचारी निघाला, पण दाराशी कागद वाचायला थांबला.

“हे कोणी लिहिलं?”

“हिने. हिला काय कळतंय त्यातलं,” तज्ज्ञ म्हणाले.

आचारी तिच्याकडे वळला. “ताई, याच पिशव्यांना दुसरा बहर येईल ना?”

“येईल. दहा दिवसांत. खिडकी उघडी राहिली तर.”

“मग दहा दिवसांनी येतो. पण बोलणार तुमच्याशीच.”

गाडी गेली. तज्ज्ञांनी घसा खाकरला. “हवेचा मुद्दा वर्गात घ्यायला हवा. मी म्हणतच होतो.” आणि ते चपलांसकट उंबरा ओलांडायला निघाले.

तिने दारात हात आडवा धरला. लग्न होऊन आल्यापासून ‘हो भाऊजी’ याखेरीज तिने त्यांना उत्तर दिलं नव्हतं.

“चपला बाहेर, भाऊजी.”

ते इतके चमकले की त्यांनी खरंच चपला काढल्या.

“आणि तुम्हीपण बाहेर. ओट्यावर वीस खुर्च्या आहेत, बसा कुठल्याही.”