शिवणक्लासचं खातं

दारात आलेल्या पैशाला पाहुण्यासारखं वागवणारा माणूस साऱ्या संगमनेरात एकच असावा. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. शिलाई मशीन विकणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर जमेच्या नोंदी करायला बसते. "पैसा आला म्हंजी पाव्हना आला," चाचा सांगत. "त्याला आधी इचारायचं, बाबा, तू कुनाकडं आलास? उगा कुनाच्याबी घरात न्हाई बसवायचा." घरं तीन होती : मशीन विक्री, दुरुस्ती आणि शिवणक्लास. बिलाचे पैसे आले की त्यातलं एक खातं निवडायचं. निवडलं नाही, तर सॉफ्टवेअर सगळी रक्कम विक्रीत ढकलून मोकळं होतं. "ह्या डब्याला विक्रीबिगर काय दिसतच न्हाई," म्हणत चाचा माझ्या खुर्चीमागे उभे राहत आणि मी बरोबर घर निवडेपर्यंत हलत नसत. अकोल्याकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पाहुणा विचारून बसवायचा हा हिशेबाचाच काही नियम असेल असं वाटून मी तो पुस्तकात बरेच दिवस शोधला.

एकदा एका शिंप्याने नवी मशीन आणि जुन्या मशीनची दुरुस्ती, दोन्हीचे पैसे मोबाईलवरून एकत्रच पाठवले आणि तो स्टँडकडे निघून गेला. बिल समोर होतं, आकडे स्पष्ट होते. पण चाचा हातातल्या पेचकसासकट धावत गेले. मीही मागे गेले. अकोल्याची गाडी सुटायच्या बेतात होती. चाचा आत चढून म्हणाले, "ह्यातलं दुरुस्तीचं किती, तुझ्या तोंडानं सांग."

"अवो चाचा, बिल तुमीच केलं ना?"

"बिल म्या केलं. पैसा तुझा हाय. त्यानं कुठं जायाचं ते तूच सांगायचं."

शिंप्याने सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, बसला का तुमचा पाव्हना? मंग सोडू गाडी?"

तिसरं घर चाचींचं होतं. दुकानाच्या माडीवर त्या क्लास घ्यायच्या. सरळ टीप मारायला मीही तिथेच शिकले, त्यापुढे मात्र गेले नाही. खाली काम करता करता चाचा छताकडे कान लावत आणि ओरडत, "खिडकीजवळची मशीन रडतीय, तेल घाला!" वरून चाचींचं उत्तर येई, "मशीन न्हाई, पोरगी रडतीय! तुमी गप बसा!" मग खाली आणि वर एकदमच हसू फुटे.

दोन वर्षांपूर्वी थंडीत चाची गेल्या. क्लास बंद झाला, मशिनींवर कापडं पडली. आणि चाचा, जे एका खात्याचा रुपया दुसऱ्यात जाऊ देत नसत, ते चुकीची नोंद सांगू लागले. पहिल्यांदा एक बाई मशीन दुरुस्तीला घेऊन आली. तिने पैसे दिले, तसे चाचा म्हणाले, "क्लासात टाक."

"चाचा, ही दुरुस्ती आहे ना?"

"मशीन बिघडली म्हनून आली, व्हय. पन आली कुनाकडं? चाचीकडं शिकल्याली पोर हाय ती."

मी टाकले. नंतर चाचींच्या अशा कितीतरी मुली आल्या. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाची सुई अडकलेली. सगळ्यांचे पैसे तिसऱ्या घरात गेले.

त्यापुढचं अख्खं हिशेबाचं वर्ष सरत आलं, तेव्हा मार्चमध्ये कर सल्लागार आले. जमाखर्च चाळून त्यांनी हळूच विचारलं, "चाचा, क्लास बंद आहे, मग फी कोण भरतंय?" चाचांनी माडीकडे बघितलं. "मला कळतंय," सल्लागार म्हणाले, "पण कागदावर हे चालायचं नाही. सगळं दुरुस्तीत घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. मी एकेक नोंद उघडून खातं बदलत होते आणि चाचा नावं वाचत होते. "ही व्हय? हिला बाही कदी जमलीच न्हाई. चाची म्हनायची, हिचा ब्लाऊज घालायचा तर हात काढून ठेवावं लागतील." ते हसले, मग चष्मा पुसत राहिले. शेवटची नोंद हलली. मी उत्पन्नाचा कागद छापून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वरून खाली, खालून वर पाहिला. "पोरी, तिसरं घर कुठं गेलं?"

"चाचा, खात्यात काही उरलं नाही की सॉफ्टवेअर ते छापतच नाही."

"म्हंजी पाव्हना न्हाई आला, तर घरबी पाडायचं?"

मी उगाच एकेक पर्याय उघडत गेले. अगदी तळाशी एक चौकोन सापडला : शून्य शिल्लक असलेली खातीही दाखवा. त्यात खूण केली आणि पुन्हा छापलं. विक्री. दुरुस्ती. शिवणक्लास, आणि त्याच्यासमोर शून्य.

चाचांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हाय," ते म्हणाले. "हाय अजून."

कागद घेऊन ते माडीवर गेले. थोड्या वेळाने वरून एक मशीन चालल्याचा आवाज आला, दोरा न ओवता नुसतीच चालवतात तसा. तो खिडकीजवळच्या मशीनचा होता का, मला ओळखता येत नाही. मी खाली छताकडे कान लावून बसले.