अकरा कार्डांचा शब्द

ऑफिसात त्यांना सगळे कोशकाका म्हणत. शब्दकोशाच्या कामात केस पिकले, आणि वाट्याला आलेलं ‘म’ अक्षर अजून संपलं नव्हतं. स्पॅनिश शब्द, मराठी अर्थ आणि तो शब्द प्रत्यक्ष कुणाच्या तोंडून ऐकला ते वाक्य, असं एका अर्थाला एक कार्ड. अर्थ विचारायचा मात्र नाही, हा नियम. विचारलं की माणूस शहाण्यासारखा बोलू लागतो आणि भलतंच सांगतो. नुसतं शेजारी बसायचं, शब्द आपल्या पायांनी येईपर्यंत.

बसायला त्यांना एक रंगारी मिळाला होता. तरुणपणी एका स्पॅनिश जहाजावरून उतरला, इथलीच बायको केली आणि राहिला तो राहिलाच. मराठी फाडफाड बोलायचा, पण शिडीवर चढला की त्याची स्पॅनिश सुटायची. एकोणीस वर्षं दर गुरुवारी कोशकाका शिडीखाली पालथ्या बादलीवर बसले. चष्म्यावर चुन्याचे थेंब पडायचे. वरून रंगारी म्हणायचा, पांढरं झालं की जग स्वच्छ दिसतं.

‘मानो’ म्हणजे हात, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण रंगारी भिंतीला दुसरा मानो मारायचा, तेव्हा कोशकाकांना वाटे, अरे, आपणही रंगाचे दोन हातच मारतो. पत्त्यांचा एक डाव म्हणजेही मानो. रस्ता सांगताना उजव्या मानोला वळा. शिडी उचलायला जरा मानो दे. केळ्यांची फणी मानो, खलातला बत्ता मानो, कागदाचा दस्ताही मानोच. अकरा कार्डं झाली. बारावं अडलं. रंगारी कोशकाकांना हाक मारायचा तीही ‘मानो’ हीच. ‘एर्मानो’ म्हणजे भाऊ, त्याचं डोकं उडवून केलेली, तिकडच्या नाक्यावरच्या पोरांची हाक. पण कार्ड लिहिणाऱ्यालाच उद्देशून बोललेलं वाक्य पुरावा धरायचं नाही, असाही नियम होता. ते कार्ड कोरंच राहिलं.

गेल्या महिन्यात रंगाऱ्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि दोन्ही भाषा गेल्या. उरला एकच शब्द. पाणी हवं तरी मानो, उशी टोचली तरी मानो, नर्सने केस विंचरले तरी मानो.

त्याची मुलगी दोन दिवसांच्या प्रवासावरून आली होती. बापाने तिला स्पॅनिशचं अक्षर शिकवलं नव्हतं. या गावात त्या भाषेचा काय उपयोग, म्हणायचा. तिने आपल्या घरातली एक खोली रिकामी केली होती. तो होता त्या शुश्रूषागृहातही खिडकीजवळची खाट कायमची मिळत होती. उद्या सकाळी त्याला न्यायला गाडी बोलवायची की नाही, हे आज संध्याकाळी सांगायचं होतं.

“काका, त्यांना माझ्याकडे यायचंय की इथंच राहायचंय, एवढंच काढून द्या,” ती म्हणाली. “मी ओढून नेलं असं व्हायला नको. तुम्हाला त्या शब्दाचे सगळे अर्थ येतात.”

कोशकाका कार्डांचा खणच उचलून घेऊन गेले. खाटेशी बसून त्यांनी रंगाऱ्याची वाक्यं त्यालाच वाचून दाखवली, एकेक करून, आणि प्रत्येक वाक्यानंतर चेहऱ्याकडे पाहिलं. केळ्यांच्या फणीला तो हसला. पण तसा तो औषधाच्या ट्रेलाही हसत होता. मग आयुष्यात पहिल्यांदा कोशकाकांनी नियम मोडून सरळ विचारलं, स्पॅनिशमध्ये, हळू. लेकीकडे जायचं? त्याने मान डोलावली. मानो. इथंच राहायचं? त्याने मान डोलावली. मानो. आवाजात केसाइतकाही फरक नव्हता.

मुलगी दाराशी उभी होती. “काय म्हणाले?”

तो राहायचं म्हणतोय, असं सांगितलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. गुरुवार तसेच चालू राहिले असते. शब्द ओठांपर्यंत आले. कोशकाकांनी ते गिळले.

“मला कळत नाही गं.”

तिने खणाकडे पाहिलं. “मग एकोणीस वर्षं काय लिहीत होतात?” तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेवटी तिनेच ठरवलं. गाडी सांगितली. कपाटातले दोन सदरे आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं. कारकुनाने अर्ज आणला. हलवायची परवानगी रुग्णाने स्वतः द्यायची, आणि तो बोलू शकत नसेल तर त्याची भाषा येणाऱ्या माणसाने. कारकून म्हणाला, गावात तुमच्याशिवाय कोण आहे? सहीच्या जागेवर छापलं होतं: रुग्णाचं म्हणणं मी समजून घेतलं आहे.

कोशकाकांनी ती ओळ दोनदा वाचली. खोडता येईल का, म्हणून विचारलं. कारकून म्हणाला, छापील आहे हो, खोडलं तर गाडी सोडत नाहीत. मुलगी पिशवीची चेन लावायची थांबली होती.

त्यांनी सही केली. रंगारी पेनाकडे बघत होता.

“मानो,” तो म्हणाला.

“हो आजोबा, झाली सही,” नर्स म्हणाली, आणि तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.