जुन्या मशीनचे मुनीमजी

लातूरच्या आमच्या फरशीच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारे भाई मशीन उघडण्याआधी ताप बघितल्यासारखा त्यावर हात ठेवतात. गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देणाऱ्या आमच्या एआय एजंटला ते अदबीनं मुनीमजी म्हणतात. परवा त्यांनी मुनीमजींना नव्या मशीनवर हलवलं.

"जुनं डबडं भंगारात घाला," मी म्हणालो.

"हाव, फिकर करू नका," म्हणत त्यांनी ते रुमालानं पुसलं आणि लेकरासारखं उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवर मुनीमजी बोलेचनात. मी भाईंना मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "नमस्कार! साहेब जळकोटला गेलेत. आल्यावर कळवतो."

फरशी उशिरा पोचली म्हणून भांडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ही थाप मीच मुनीमजींना शिकवली होती. जळकोट मी अजून पाहिलेलं नाही.